कॉलेज फुटबॉल कोचचा जॉब चांगला कधी म्हणायचा? आधी मालक मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेट युनिव्हर्सिटीने कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं, सगळ्यांना वाटलं आता इंडियानाचा कोच, पेन स्टेटच्याच राज्यातल्या पिट्सबर्गचा कर्ट सिग्नेटी घरी परत येणार, आणि त्याने चारच दिवसांत इंडियानाशी नवा करार करून टाकला. पुढच्याच महिन्यात लेन किफिन मात्र ओल मिसची (म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीची) ११-१ अशी, अकरा जिंकलेली आणि एकच हरलेली टीम नॅशनल टायटलच्या प्लेऑफच्या ऐन तोंडावर सोडून एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला गेला. म्हणजे एकाने मोठ्या नावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि दुसऱ्याने मोठ्या नावासाठी जिंकत असलेली टीम सोडली, मग चांगला जॉब नेमका कशाला म्हणायचं?

मी स्वतः कोच नाही हे आधीच सांगते. एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमध्ये बिझनेस ऑफिसला बरीच वर्षं आहे. कोचचे करार, बायआऊट (म्हणजे मुदतीआधी करार मोडल्यावर द्यायचे पैसे), असिस्टंट लोकांचे पगार, प्रायव्हेट विमानाचे तास, डीलरने दिलेल्या गाड्या, स्टेडियममधल्या सूटची, म्हणजे पैसेवाल्यांच्या खास खोल्यांची तिकिटं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे माझं उत्तर जरा हिशेबाच्या बाजूने येईल, मैदानावरचं कोचिंग कसं करायचं ते मला विचारू नका. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा तो.

पगारापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. पगार हा आता निकष राहिलेलाच नाही. सिग्नेटीचा नवा करार ८ वर्षांचा, साधारण ९ कोटी ३० लाख डॉलरचा. किफिनचा एलएसयूचा करार ७ वर्षांचा, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. आता या लेव्हलला वर्षाला पंधरावीस लाख डॉलर इकडे की तिकडे याने त्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडणार आहे? वर तो पैसा गॅरंटीड. जिंबो फिशरचं उदाहरण आमच्या लाईनमधल्या प्रत्येकाला पाठ आहे. टेक्सस ए अँड एमने त्याला आधी १० वर्षांचे साडेसात कोटी डॉलर गॅरंटीने दिले, २०२१ मध्ये करार वाढवून २०३१ पर्यंत नेला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याला काढलं तेव्हा देणं निघालं ७ कोटी ६० लाख डॉलरच्या वर. आणि गंमत म्हणजे त्या करारात ऑफसेटच नव्हता. ऑफसेट म्हणजे कोचला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार आपल्या देण्यातून वजा. बहुतेक करारांत तो असतो, शिवाय कोचने नवी नोकरी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा अशी अटही असते. फ्रँकलिनच्या केसमध्ये तेच झालं, पेन स्टेटच्या डोक्यावर ४ कोटी ९० लाखांच्या आसपासचा बोजा होता, महिनाभरात व्हर्जिनिया टेकने त्याला उचललं आणि बोजा बराच हलका झाला. फिशरने मात्र दुसऱ्या दिवशी कुठे कोचिंग सुरू केलं असतं तरी ए अँड एमचे हप्ते चालूच.

तर पगार सोडा. माझ्या मते जॉबची किंमत दोन गोष्टींवर ठरते. तुमच्याकडून जितकं मागतात त्याच्या मानाने साधनं किती देतात, आणि तुम्हाला काढायचा अधिकार आपल्याला आहे असं किती जणांना वाटतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, पण लोक तिच्याबद्दल बोलत नाहीत कारण ती कागदावर नसते.

साखर कारखान्याचा एमडी आठवा. कागदावर कारखाना तोच चालवतो, पण चेअरमन आहे, संचालक मंडळ आहे, गावोगावचे सभासद आहेत, तालुक्याचे साहेब आहेत आणि गाळप कमी झालं की सगळ्यांना एकदमच आठवतं की एमडी आपणच आणला होता. कॉलेज फुटबॉलचा हेड कोच अगदी त्याच जागी बसलेला असतो. कागदावर त्याचा बॉस अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एडी. एडीचा बॉस प्रेसिडेंट. प्रेसिडेंटच्या वर ट्रस्टी. ट्रस्टी बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरने नेमलेले. आणि या सगळ्यांना फोन करू शकणारे बूस्टर, म्हणजे पैसेवाले माजी विद्यार्थी नाहीतर नुसतेच पैसेवाले.

अलाबामा राज्यातल्या ऑबर्न युनिव्हर्सिटीची २००३ ची गोष्ट घ्या. टॉमी ट्युबरव्हिल तिथे कोच. वर्षातली सगळ्यात मोठी मॅच अलाबामाविरुद्ध, ती दोन दिवसांवर आलेली. तेवढ्यात युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट, एडी आणि दोन ट्रस्टी प्रायव्हेट विमानात बसून गुपचूप लुईव्हिलजवळ गेले, कशाला तर बॉबी पेट्रिनोला विचारायला की तू आमचा कोच होतोस का. हा पेट्रिनो आदल्या वर्षी ट्युबरव्हिलच्याच हाताखाली काम करत होता! लुईव्हिललाही त्यांनी विचारलं नव्हतं, की तुमच्या कोचशी आम्ही बोलू का. मग ऑबर्नने अलाबामाला हरवलं, बातमी फुटली, भयंकर लाज गेली, ट्युबरव्हिल राहिला आणि प्रेसिडेंटलाच जावं लागलं. पुढच्या सीझनला ट्युबरव्हिलची टीम १३-० गेली. तो माणूस नंतर सेनेटर झाला, मला तरी नवल वाटलं नाही, ऑबर्नला टिकला तो राजकारणात टिकणारच.

आणि ही फक्त जुनी गोष्ट आहे असं समजू नका. जीन चिझिकने २०१० ला ऑबर्नला नॅशनल टायटल दिलं, २०१२ ला त्याला काढलं. गस माल्झानला २०२० मध्ये २ कोटी डॉलरच्या वर देऊन काढलं. ब्रायन हार्सिनला तर दोन सीझनसुद्धा पूर्ण मिळाले नाहीत. साधनांच्या बाबतीत ऑबर्न कुठेच कमी नाही, स्टेडियम आहे, खेळाडू आहेत, एसईसीचा टीव्हीचा पैसा आहे (एसईसी म्हणजे दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांची कॉन्फरन्स, एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). फक्त मालक फार.

एलएसयूकडे येऊ. हा जॉब मला नेहमी गमतीदार वाटतो कारण माझ्या दोन्ही तराजूंत तो टोकाला जातो. साधनं बघितलीत तर देशात पहिल्या पाचात. लुइझियाना राज्य छोटं, पण तिथे फुटबॉलचे खेळाडू लोकसंख्येच्या मानाने प्रचंड निघतात आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळणारी युनिव्हर्सिटी त्या राज्यात एकच, एलएसयू. पोरगा बॅटन रूजचा असो की न्यू ऑर्लिन्सचा, लहानपणापासून डोक्यात जांभळा-सोनेरी रंग. याचा परिणाम काय, तर निक सेबनने २००३ ला टायटल जिंकलं, लेस माइल्सने २००७ ला, एड ओर्जेरॉनने २०१९ ला. लागोपाठ तीन कोच, तिघांची टायटल. तिघांचे स्वभाव, पद्धती, सगळं वेगळं. यातून एकच निष्कर्ष निघतो की तिथे जिंकायला सेबनच लागतो असं नाही, म्हणजे जॉब स्वतःच दमदार आहे. किफिनने हेच पाहिलं असणार.

पण मालकांची बाजूही बघा ना. ओर्जेरॉनची टीम १५-० गेली होती, पुढच्या दोन वर्षांत तो बाहेर. ब्रायन केली २०२१ च्या शेवटी नोत्र दाम सोडून साडेनऊ कोटींच्या करारावर आला, २०२५ च्या ऑक्टोबरात ए अँड एमने एलएसयूच्याच मैदानावर धुतल्यावर बाहेर. त्याच आठवड्यात गव्हर्नर जेफ लँड्रीने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की पुढचा कोच एडी स्कॉट वुडवर्ड निवडणार नाही, आणि एक-दोन दिवसांत वुडवर्डही गेला. योगायोग बघा, फिशरला ए अँड एमला पहिला गॅरंटीड करार देणारा एडीसुद्धा हाच वुडवर्ड. गव्हर्नरचा राग त्यावरच होता की असे करार करून ठेवता आणि बिल राज्याच्या गळ्यात, आणि खरं सांगू, हिशेबाच्या टेबलावर बसून मला तो राग अगदीच चुकीचा वाटला नाही. पण राज्याचा गव्हर्नर कोचच्या करारात बोलतो म्हटल्यावर तिथे जाणाऱ्या कोचने समजून घ्यायचं की आपला बॉस कोण आहे.

मग किफिन का गेला? एक कारण वर सांगितलं. दुसरं कारण मिसिसिपीचा कायदा. तिथे सरकारी नोकराला चार वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार देता येत नाही, आणि स्टेट युनिव्हर्सिटीचा कोच सरकारी नोकर. बाकी सगळे सात-आठ-दहा वर्षं देतात, ओल मिस दर वर्षी एक एक वर्ष वाढवत बसते. तिसरं म्हणजे ते राज्य तीस लाखांच्या आतलं आणि त्यात एसईसीच्या टीम्स दोन, ओल मिस आणि मिसिसिपी स्टेट. किफिनने जे उभं केलं ते बरंचसं ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजमधून दर वर्षी तयार खेळाडू आणून. ते जमतं, पण दर वर्षी नव्याने जमवावं लागतं.

प्लेऑफच्या आधीच का गेला याचा दोष लोक त्याच्या स्वभावाला देतात, थोडा असेलही, पण मुख्य घोळ कॅलेंडरचा आहे. हायस्कूलची मुलं कुठल्या कॉलेजला जाणार त्याची सही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. पोर्टल जानेवारीच्या सुरुवातीला उघडतं. प्लेऑफ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे ज्या कॉलेजला कोच हवाय त्याला तो नोव्हेंबरच्या शेवटीच हवा, नाहीतर एक अख्खी बॅच हातची गेली. पेन स्टेटचं काय झालं बघा, त्यांचा शोध लांबला, सहीच्या दिवशी हातात अगदी मोजकी पोरं राहिली, बरीच फ्रँकलिनच्या मागोमाग व्हर्जिनिया टेकला गेली, आणि मग आयोवा स्टेटचा मॅट कॅम्पबेल आला. किफिनला ओल मिसने प्लेऑफमध्ये कोचिंग करू दिलं नाही, पीट गोल्डिंगला हेड कोच केलं, आणि ती टीम जॉर्जियाला हरवून सेमीफायनलपर्यंत गेली हा भाग वेगळा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सिग्नेटी. इथे एक गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही आणि ती पूर्ण हिशेबाची आहे. बिग टेन कॉन्फरन्सचा टीव्हीचा करार २०२३ पासून सात वर्षांचा, फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी मिळून ७०० कोटी डॉलरच्या वरचा. हा पैसा जुन्या मेंबरांमध्ये सारखा वाटला जातो. ओरेगन आणि वॉशिंग्टन उशिरा आले म्हणून त्यांना आत्ता कमी, पण इंडियानाला टीव्हीचा जो चेक येतो तोच ओहायो स्टेटला आणि तोच मिशिगनला. आता विचार करा, चेक ओहायो स्टेटचा आणि अपेक्षा इंडियानाच्या! इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं घर, पाच नॅशनल टायटल तिथली. फुटबॉलमध्ये मोठ्या कॉलेजांच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस हरलेल्या टीम्सपैकी एक. तिथल्या बूस्टरांनी फुटबॉल कोचला फोन करायची सवयच लावून घेतलेली नव्हती. एडी स्कॉट डॉल्सन, प्रेसिडेंट पामेला व्हिटन, दोघं ठरवणार आणि विषय संपला. मार्क क्यूबनसारखा अब्जाधीश माजी विद्यार्थी आहे, तो आता फुटबॉलला पैसे देतो, पण जिंकायला लागल्यावर.

सिग्नेटी २०२३ च्या शेवटी जेम्स मॅडिसनमधून तिथे गेला तेव्हा रिपोर्टरने विचारलं, खेळाडूंना कसं पटवता, तर म्हणाला आय विन, गूगल मी. लोक हसले. पहिल्या सीझनला ११-२ आणि प्लेऑफ. दुसऱ्या सीझनला १६-०, ओहायो स्टेटला हरवून बिग टेन, आणि २०२६ च्या जानेवारीत मायामीला हरवून नॅशनल टायटल. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाला हाईझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. पेन स्टेटचा जॉब रिकामा झाला तेव्हा यातलं टायटल अजून व्हायचं होतं, तरी त्याने सही केली.

पेन स्टेटमध्ये काय वाट बघत होतं? बीव्हर स्टेडियम, एक लाख सहा हजार लोकांचं, आणि त्याच स्टेडियमच्या दुरुस्तीला ७० कोटी डॉलरचा प्रोजेक्ट चालू. हा आकडा मी ज्या नजरेने बघते त्या नजरेने बघा. एवढा खर्च काढलाय म्हणजे महागडे सूट विकले गेलेच पाहिजेत, सूट विकायला जिंकलंच पाहिजे, म्हणजे ७-५ चा एक सीझनसुद्धा परवडत नाही. फ्रँकलिन १०४ मॅचेस जिंकला होता तिथे. काढायच्या आधी नऊ महिने तो नॅशनल सेमीफायनल खेळत होता! मग ओरेगनशी घरी हरला, यूसीएलएशी हरला, नॉर्थवेस्टर्नशी हरला, संपला. हे सिग्नेटीने बाहेरून बघितलं, स्वतःच्या हातात काय आहे तेही बघितलं. तो आता साठी ओलांडलेला माणूस, सेबनच्या हाताखाली काम केलेला, त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. गावाकडच्या ओढीचं म्हणाल तर ती पत्रकारांना जास्त असते.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. इंडियानाचा जॉब आता पूर्वीचा राहिला नाही. टायटल जिंकल्यावर मालक वाढतात. पाच वर्षांनी ९-३ ला तिथलेच लोक कुरकुरणार, आणि सिग्नेटीनंतर जो कोणी जाईल त्याला हा जॉब आजच्यापेक्षा पुष्कळ वाईट मिळेल, चेक तोच असला तरी.

याचं सगळ्यात करुण उदाहरण नेब्रास्का. टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ कोच होता, २५५ विजय, एकाही सीझनला नऊपेक्षा कमी नाहीत, तीन नॅशनल टायटल. त्याच्या मागून फ्रँक सोलिच आला, २००३ ला ९-३ असताना त्याला काढलं, की नऊ पुरत नाहीत. तेव्हापासून कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, आता मॅट रूल. पेलिनी तर दर वर्षी नऊ-दहा जिंकत होता, त्यालाही काढलं. शेवटचं कॉन्फरन्स टायटल १९९९ चं. स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक मॅचला फुल, पैसा आहे, प्रेम आहे, दुसरी करमणूक नाही. खेळाडू नाहीत. राज्याची लोकसंख्या वीस लाख, जवळपास हायस्कूल फुटबॉलचं मोठं शहर धड नाही. पूर्वी टेक्ससमधून पोरं आणायचे, २०११ ला बिग टेनमध्ये गेले तशी ती वाटही अरुंद झाली. आठवण १९९५ ची आणि साधनं आजची, अशा जागी कुणी कितीही हुशार कोच नेऊन बसवा, चार वर्षांत केस पांढरे.

याच्या उलट आयोवा, शेजारचंच राज्य. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून तिथे आहे. नॅशनल टायटल नाही, ऑफेन्स बघताना झोप येते, पण बहुतेक वर्षी आठ-नऊ विजय, लोक खूश, २०२५ मध्ये तो बिग टेनमध्ये सगळ्यात जास्त जिंकणारा कोच झाला. मला कुणी विचारलं की तुझ्या मुलाने कुठला जॉब घ्यावा, तर मी आयोवा म्हणेन. त्यावर माझा नवरा म्हणतो तू अकाउंटंटच राहणार!

आता खेळाडूंच्या पैशाबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त इथेच बदललंय. २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव, चेहरा वापरून कमावू शकतात, त्याला एनआयएल म्हणतात. २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदलू शकतात. आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एक मोठं सेटलमेंट मंजूर केलं, त्यानंतर १ जुलैपासून युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. मोठ्या जागी यातला बराच मोठा वाटा फुटबॉलला. त्यामुळे आता एजंटचे प्रश्न बदललेत. पूर्वी विचारायचे वेट रूम किती मोठी, इनडोअर प्रॅक्टिसची सोय आहे का. ते आता सगळ्यांकडे आहे, संगमरवरी बाथरूम आणि धबधबे बघून पोरं कंटाळली.

मध्यंतरी आमच्याकडे एका कोचच्या एजंटशी व्हिडिओ कॉल होता, मी आकडे द्यायला बसले होते. त्याने पगाराचा विषय पहिल्या अर्ध्या तासात काढलाच नाही. पहिला प्रश्न, तुमच्या प्रेसिडेंटचा करार कधी संपतो? दुसरा, एडी त्याला रिपोर्ट करतो की बोर्डाला? तिसरा, दोन कोटींतले फुटबॉलला किती, आणि तो आकडा दर वर्षी कोण ठरवणार? मग असिस्टंटच्या पगाराचा पूल, मग जनरल मॅनेजर कोणाचा माणूस असणार, कोचचा की एडीचा. हा शेवटचा प्रश्न फार आतला आहे. हल्ली प्रत्येक मोठ्या टीमला खेळाडूंचे करार बघणारा जनरल मॅनेजर असतो, स्टॅनफर्डने तर अँड्र्यू लकला आणून फुटबॉलचा सगळा कारभारच त्याच्या हाती दिला. आता तो वरून नेमलेला असेल तर खेळाडू तो आणणार आणि हरल्यावर बोलणी कोच खाणार. आमच्या लोकांनी तिसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर दिलं, एजंटने मान डोलावली, आणि मला तेव्हाच कळलं की हा कोच काही येत नाही. नाही आला.

देणगीदारांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की जितके जास्त तितकं बरं. कोचच्या दृष्टीने चाळीस छोट्या बूस्टरांपेक्षा एक मोठा परवडतो. ओरेगनला नायकेचा फिल नाईट आहे, टेक्सस टेकला तेलवाला कोडी कॅम्पबेल, २०२५ ला त्यांनी खेळाडूंवर भरपूर खर्च करून बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स जिंकली. एकच माणूस, एकच फोन. पण एका खांबावर घर उभं असेल तर धोकाही तेवढाच. ओक्लाहोमा स्टेटला टी. बून पिकन्सने एकदाच साडेसोळा कोटी डॉलर दिले होते, सगळं स्टेडियम त्याच्या नावावर. तो २०१९ मध्ये गेला, नंतर खेळाडूंना पैसे द्यायचं युग आलं, २०२४ ला टीम ३-९, आणि २००५ पासून असलेल्या माइक गंडीला २०२५ च्या सप्टेंबरात टल्साशी हरल्यावर काढलं.

खालच्या पातळीवरच्या जॉबबद्दल लोक विचारत नाहीत पण तिथेच खरी पडझड चाललीये. २०२४ च्या फेब्रुवारीत चिप केली यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. हेड कोच सोडून असिस्टंट! त्याच्या आदल्याच महिन्यात जेफ हाफ्लीने बॉस्टन कॉलेज सोडलं आणि एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पॅकर्स टीमचा डिफेन्स सांभाळायला गेला. दहा वर्षांपूर्वी असं कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते घरात काहीतरी भानगड असणार. आता सगळ्यांना समजतं, की निम्म्या बजेटच्या जागी हेड कोच म्हणजे दिवसभर देणगीदारांपुढे हात पसरायचे, रात्री स्वतःचे खेळाडू पोर्टलमध्ये जाऊ नयेत म्हणून त्यांच्या एजंटशी बोलायचं आणि कोचिंग उरलेल्या वेळात.

टॅक्सचा मुद्दाही कुणीतरी काढेलच म्हणून सांगते, टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसीत राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के. कोचला फरक पडतो, पण आता जास्त फरक खेळाडूंना पडतो, कारण त्यांचे एजंट हातात काय येणार ते विचारतात.

सगळ्यात चांगला जॉब कुठला म्हणाल तर माझं मत जॉर्जिया. राज्यात एक कोटी दहा लाख लोक, अटलांटाभोवतीच्या हायस्कूलमध्ये दर वर्षी देशातले उत्तम खेळाडू, राज्यात एसईसीची दुसरी टीम नाही, आणि कर्बी स्मार्ट तिथलाच माजी खेळाडू असल्यामुळे मालक मंडळी त्याच्यापुढे गप्प. २०२१ आणि २०२२ ची टायटल त्यावर. दुसरा ओहायो स्टेट, पण तिथे मिशिगनविरुद्धची मॅच हा एक वेगळाच मालक आहे. रायन डे २०२४ ला मिशिगनशी सलग चौथ्यांदा हरला तेव्हा लोक त्याला काढायला निघाले होते, दीड महिन्यांनी त्याने नॅशनल टायटल जिंकलं आणि सगळे गप्प झाले, निदान पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. टेक्सस तिसरा, पैसा अमाप, पण त्याच राज्यात ए अँड एम, टेक्सस टेक, टीसीयू, बेलर, ह्यूस्टन, एसएमयू सगळे त्याच पोरांच्या मागे, आणि बूस्टर इतके की नुसत्या त्यांच्या डिनरना हजेरी लावायला वेगळा कोच नेमावा लागेल. एलएसयूला मी चौथा-पाचवा धरते. नेब्रास्का, ऑबर्न विसाच्या आसपास, आणि हे वाचून तिकडचे लोक चिडणार याची मला पूर्ण कल्पना आहे.